साथीच्या दिवसांतील विद्यापीठ

सन १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या बंदराला एक लष्करी जहाज लागले, आणि त्यानंतर दोन आठवडे उलटण्याच्या आतच, १० जून रोजी, पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई ताप घेऊन दाखल झाले. ताप हिवतापाच्या जातीचा नव्हता आणि त्या सातांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या पंधरवड्यात हा इन्फ्लुएंझाचा ताप शहरात कोणत्या वाटेने पसरला, हे मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या अहवालावरून आपल्याला कळते. प्लेगच्या काळी ज्याप्रमाणे चाळींची, वाड्यांची आणि पेठांची नावे सरकारी दप्तरात एकामागून एक चढत गेली, त्याप्रमाणे या वेळी चढली ती नोकरीच्या ठिकाणांची नावे: जहाज कंपनीची कचेरी, पोर्ट ट्रस्ट, हाँगकाँग-शांघाय बँक, तारखाते, टांकसाळ, राशेल ससून गिरणी. तापाने फणफणलेला कारकून घरी जाऊन निजला आणि त्याच्या घरचेही आजारी पडले हे खरे. परंतु शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात रोगाची ने-आण केली ती हजेरीच्या जागांनी. पुढे सप्टेंबरात आलेल्या दुसऱ्या लाटेने, जिला आपल्याकडील लोक मानमोडी म्हणू लागले, एकट्या ६ ऑक्टोबरच्या दिवशी मुंबईत ७६८ माणसे नेली. त्या वर्षी पावसानेही डोळे वटारले होते, धान्य महाग झाले होते, आणि दुष्काळ व साथ यांनी हातात हात घालून खेडीच्या खेडी ओस पाडली. साऱ्या हिंदुस्थानात किती माणसे मेली याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात.

कचेरी आणि इन्फ्लुएंझा यांचा हा संबंध त्यापूर्वी पाव शतक एका इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्याने उघड करून दाखविला होता. १८८९-९० साली युरोपभर पसरलेल्या, ‘रशियन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या साथीची चौकशी ब्रिटनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने डॉ. हेन्री फ्रँकलिन पार्सन्स यांच्याकडे सोपविली. हा रोग हवेतील कसल्यातरी दोषाने एकाच वेळी सर्वत्र उत्पन्न होतो, अशी त्या काळी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती, आणि ती खरी असती तर माणसाने त्याविरुद्ध काही करण्याचा प्रश्नच उरला नसता. पार्सन्स यांनी टपाल व रेल्वेसारख्या खात्यांतील नोकरांच्या आजारपणाची माहिती मागविली, ठिकठिकाणच्या डॉक्टरांशी पत्रव्यवहार केला, आणि असे दाखविले की, साथ माणसाच्या प्रवासापेक्षा अधिक वेगाने कधीही पुढे सरकली नाही. आणि दीपगृहांचे रखवालदार व खोल समुद्रातील मच्छीमार, जे हवेच्या बाबतीत कोणाहूनही अधिक उघड्यावर होते, ते तिच्यातून बहुतांशी बचावले. (त्या साथीच्या मुळाशी इन्फ्लुएंझाचाच विषाणू होता की दुसरा कोणता, याविषयी आज तज्ज्ञांत मतभेद आहेत, परंतु रोग माणसाकडून माणसाला होतो, या पार्सन्स यांच्या निष्कर्षाला त्याने बाध येत नाही.) एका छपराखाली, ठरल्या वेळी, ठरल्या जागी अनेकांनी एकत्र बसणे हेच ज्या कामाचे स्वरूप, त्या कामाला या रोगाचे भय सर्वांत अधिक, हा त्या चौकशीतून निघणारा अर्थ होता.

आता विद्यापीठ हे अशा प्रकारचे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. विद्यापीठ म्हटले की व्याख्याने, पदव्या, ग्रंथ आणि वाद आठवतात. परंतु या सर्वांच्या मागे परीक्षा विभागातील कारकून, ग्रंथालयातील सेवक, प्रयोगशाळेचे साहाय्यक, वसतिगृहाच्या भटारखान्यातील आचारी, झाडलोट करणाऱ्या बाया आणि फायली एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेणारे शिपाई यांची एक मोठी वसाहत असते, आणि तिचे सारे जीवन माणसांच्या निकट सहवासावर उभे असते. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत केंद्रीय मूल्यमापन केंद्रात क्षणभर उभे राहून पाहावे. लांबलचक मेजांवर गठ्ठे सोडलेले असतात, दोन्ही बाजूंना परीक्षक खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून खिडक्या लोटून घेतलेल्या असतात. जवळच्या प्लॅस्टिकच्या वाटीत ओला स्पंज ठेवलेला असला, तरी कित्येकांचे बोट जुन्या सवयीने जिभेकडेच जाते आणि तेथून उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर येते; तीच उत्तरपत्रिका मग नियामकाकडे, तेथून गुणांची बेरीज पडताळणाऱ्याकडे आणि तेथून गठ्ठा बांधणाऱ्या शिपायाकडे जाते. इन्फ्लुएंझा पसरतो तो मुख्यतः श्वासातून, खोकल्यातून आणि शिंकेतून, आणि काही प्रमाणात हातांतून. आणि संसर्ग झालेला माणूस ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना तो देऊ लागतो. या रोगाला अधिक सोयीची जागा मुद्दाम बांधू म्हटले तरी बांधता येणार नाही.

सन १९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील विद्यापीठांनी जे केले, ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. महायुद्ध चालू होते. सक्तीच्या भरतीचे वय ऑगस्टमध्ये अठरावर आणल्यामुळे महाविद्यालये ओस पडणार हे दिसू लागले, तेव्हा सरकारने विद्यार्थ्यांचे एक लष्करी शिक्षणदल काढले आणि १ ऑक्टोबर १९१८ रोजी पाचशेहून अधिक महाविद्यालयांत, सुमारे १,४०,००० तरुणांना एकाच दिवशी सैनिक म्हणून दाखल करून घेतले. वसतिगृहांच्या बराकी झाल्या. पहाटे बिगुल, मग कवायत, मग तास, मग भोजनगृहात सर्वांचे एकत्र जेवण, रात्री पहाऱ्याखाली अभ्यास, आणि निजायला ओळीने लावलेल्या खाटा. बॉस्टन बंदरातील खलाशांत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात साथ उद्भवली होती, सप्टेंबरात ती जवळच्या डेव्हेन्स छावणीत शिरून तेथे हाहाकार उडवून राहिली होती, आणि छावण्यांतील दाटीच तिला पोसते हे डॉक्टर ओरडून सांगत होते. तरी नेमक्या त्याच घटकेला देशभरच्या विद्यापीठांची छावणी करण्याचा हुकूम अंमलात आला. त्या हुकमामागे दुष्ट बुद्धी नव्हती हे मान्य करूनही मला असे वाटते की, विद्यापीठांनी आपल्या स्वभावधर्माविरुद्ध इतके मोठे पाऊल इतक्या निमूटपणे टाकले नसते, तर पुष्कळ तरुण वाचले असते.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल या लहानशा गावी तेथील राज्य विद्यापीठ आहे. एडवर्ड किडर ग्रॅहॅम हे त्या वेळी त्याचे अध्यक्ष होते. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नावारूपाला आलेला हा माणूस तरुण वयात अध्यक्षपदावर चढला होता, आणि विद्यापीठाची सीमा त्याच्या आवाराच्या कुंपणाशी संपत नसून राज्याच्या सीमेशी संपते, असा त्याचा आग्रह होता. शेतकऱ्यांपर्यंत, शाळामास्तरांपर्यंत, कारखानदारांपर्यंत विद्या पोचविण्याचे विस्तारकार्य त्याने मनोभावे चालविले होते. युद्ध आल्यावर दक्षिणेकडील किनारी राज्यांतील विद्यार्थी लष्करी शिक्षणदलाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. ऑक्टोबरात साथ चॅपेल हिलमध्ये शिरली. ग्रॅहॅम यांना ताप आला आणि पाचच दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, ते गेले. त्यांच्या वयाला बेचाळीस वर्षे पूर्ण होऊन पुरता महिनाही झाला नव्हता. विद्यापीठाचा कारभार गणिताचे व स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापक आणि अधिष्ठाता मार्व्हिन हेंड्रिक्स स्टेसी यांच्याकडे आला. त्यांनी तो तीन महिनेदेखील सांभाळला नाही, तोच २१ जानेवारी १९१९ रोजी त्याच रोगाने त्यांचाही बळी घेतला. एका विद्यापीठाचे दोन प्रमुख एकाच साथीत, एकामागोमाग एक जावेत असा प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही.

ज्या आठवड्यात ग्रॅहॅम आजारी पडले त्याच्या आदल्याच आठवड्यात, त्या विद्यापीठातील थॉमस वुल्फ नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला ॲशव्हिलहून घरी येण्याचा निरोप आला होता. त्याचा थोरला भाऊ बेन इन्फ्लुएंझातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने अत्यवस्थ होता, आणि तो त्यातून उठला नाही. पुढे अकरा वर्षांनी वुल्फने जी कादंबरी लिहिली, तिच्यातील भावाच्या मृत्यूचे प्रकरण त्या साथीवरील इंग्रजी लेखनात अग्रगण्य मानले जाते. चॅपेल हिलच्या आवारात मात्र त्या शरदात शोक करण्यास कोणाला सवड नव्हती. देशभरच्या अनुभवी परिचारिकांपैकी फार मोठा भाग लष्कराच्या सेवेत गुंतलेला होता, आणि विद्यापीठांच्या रुग्णालयांत, व ती भरल्यावर जी दालने मोकळी करावी लागली त्यांत, शुश्रूषेचे काम पडले ते प्राध्यापकांच्या पत्नींवर, गावातल्या बायकांवर आणि ज्यांना त्या कामाचे शिक्षण नव्हते अशा स्वयंसेविकांवर. अध्यक्षांची चरित्रे लिहिली गेली आणि ग्रॅहॅम यांच्या नावाने एक इमारतही उभी राहिली. चादरी उकळणाऱ्यांची आणि पेज शिजवणाऱ्यांची नावे मात्र इतिहासात फारशी शोधूनही सापडत नाहीत, आणि विद्यापीठाला कामाचे ठिकाण समजून त्याचा इतिहास लिहावयाचा तर ही उणीव मोठी मानली पाहिजे.

चॅपेल हिलच्या शेजारी प्रिन्स्टन ठेवून पाहिले म्हणजे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रिन्स्टनमध्येही लष्करी आणि नौदलाचे विद्यार्थी होते, तेथेही बराकी होत्या. परंतु तेथे साथ येण्याची वाट न पाहता आवाराच्या बाहेर जाण्यायेण्यावर निर्बंध घातले गेले, आणि कोणाला पहिली कणकण जाणवताच त्याला वेगळे ठेवले जाऊ लागले. ज्या काळात हे निर्बंध कडकपणे पाळले गेले, त्या काळात प्रिन्स्टनमध्ये आजारी पुष्कळ पडले, पण मेला कोणी नाही. पेनसिल्व्हानियातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयाची कथा अशीच आहे. मिशिगन विद्यापीठातील वैद्यकेतिहासकार हॉवर्ड मार्केल आणि त्यांचे सहकारी यांनी १९१८ च्या साथीतून तुलनेने सुखरूप सुटलेल्या अमेरिकेतील सात ठिकाणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला, आणि त्या सातांत ही दोन विद्यालये आहेत. बाकीची म्हणजे एक नौदलाचे बेट, डोंगरातील एक गाव, एक क्षयरोग्यांचे आरोग्यधाम, एक अंधशाळा आणि एक खेडे. यादी वाचताच समजते की, स्वतःला जगापासून तोडून घेणे ज्यांना भूगोलाने किंवा शिस्तीने शक्य होते अशीच ही ठिकाणे आहेत. दैवाचा भाग यात किती आणि उपायांचा किती हे नक्की सांगता येत नाही, असे त्या संशोधकांनी स्वतःच बजावले आहे, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. परंतु त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी त्रेचाळीस शहरांचा हिशेब मांडला, तेव्हा शाळा बंद ठेवणे, सभा-संमेलनांना मनाई करणे आणि रोग्यांना वेगळे ठेवणे हे उपाय ज्या शहरांनी लवकर योजले, एकत्र योजले आणि अधिक काळ टिकवले, तेथे मृत्यू कमी झाले असे दिसून आले. न्यूयॉर्कच्या आरोग्य आयुक्तांनी तर कचेऱ्या, दुकाने आणि नाटकगृहे यांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा निरनिराळ्या लावून दिल्या, म्हणजे आगगाड्यांत आणि ट्राममध्ये सर्व नोकरवर्ग एकाच वेळी कोंबला जाऊ नये. आजही विद्यापीठाच्या कचेरीत साथीचा विचार होतो तेव्हा ही साधी तजवीज सर्वांत शेवटी सुचते, हे नवल आहे.

पश्चिम किनाऱ्यावर बर्कलीच्या विद्यापीठात मुखपट्ट्यांची सक्ती झाली; तलम जाळीदार कापडाचे पदर एकावर एक घालून विद्यार्थिनींनी त्या शिवल्या. त्या कापडातून सूक्ष्म तुषार कितपत अडत होते याची शंका आहे, आणि ज्याने ती पट्टी नाकाखाली ओढून घेतली त्याला तर काहीच लाभ नव्हता. मॉन्टाना विद्यापीठाचे १९१९ मधले एक छायाचित्र मात्र मला राहून राहून आठवते: इमारतीच्या बाहेर, मोकळ्यावर भरलेला वर्ग. जिवाणू कोणता, विषाणू कोणता याचा पत्ता नसतानाही बंद खोलीतून बाहेर पडावे हे त्या अध्यापकांना सुचले.

आपल्या देशात १९१८ सालीच एका विद्यापीठाचा पाया घातला गेला, तोही उघड्या आभाळाखाली. डिसेंबर १९१८ मध्ये शांतिनिकेतनात विश्वभारतीची कोनशिला बसली आणि त्याच सुमारास, १९१९ च्या आरंभी, रवींद्रनाथांनी आपले स्नेही जगदीशचंद्र बसू यांना पत्र लिहून कळविले की, आश्रमातील सुमारे दोनशे मुलांना आपण नियमाने पंचतिक्त काढा पाजत आलो आणि त्यामुळे इन्फ्लुएंझाचा उपद्रव तेथे जवळजवळ झाला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र या रोगाने आजार आणि मृत्यू दोन्ही आणले होते. रवींद्रनाथांविषयी पूर्ण आदर बाळगून मी असे म्हणेन की, श्रेय काढ्याचे नसून झाडांचे असावे. शांतिनिकेतनातले वर्ग झाडाखाली, मातीवर, एकमेकांपासून हातभर अंतराने बसत. गाव आडवळणी होते आणि परक्यांची ये-जा बेताची होती. पार्सन्स यांनी दीपगृहाच्या रखवालदारांविषयी जे लिहिले होते तेच येथे लागू पडते.

मुंबईत १९१८ च्या ऑक्टोबरात याच्या नेमके उलट घडत होते. सरकारी आरोग्यखात्याजवळ माणसे अपुरी आणि पैसा त्याहून अपुरा, डॉक्टर युद्धावर गेलेले, आणि सक्तीच्या उपायांना हात घालण्याचे धैर्य नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरात घुसलेल्या सोजिरांची आणि त्यानंतरच्या प्लेग-अधिकारी रँडच्या खुनाची आठवण अजून बुजलेली नव्हती. तेव्हा घरोघर औषधे, दूध आणि पांघरुणे पोचविण्याचे काम सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या मंडळांनी अंगावर घेतले, आणि त्यांचे तरुण स्वयंसेवक चाळीचाळींतून फिरले. उघड्या हवेत निजा, गर्दी टाळा, हा अधिकाऱ्यांचा उपदेश शास्त्राला धरून होता; परंतु ज्याच्या खोलीत नऊ माणसे निजत आणि ज्याचा गिरणीतला खाडा म्हणजे त्या दिवसाची भाकरी, त्याने तो उपदेश कसा पाळावा, याचा विचार उपदेशात नव्हता.

रोगाचे कारण तोपर्यंत कोणालाच सापडले नव्हते. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने एक जिवाणू दाखविला होता, आणि तोच इन्फ्लुएंझाचे मूळ असे समजून १९१८ मध्ये त्याच्यापासून व इतर जिवाणूंपासून बनवलेल्या लशी कित्येक ठिकाणी टोचल्या गेल्या. त्यांनी इन्फ्लुएंझा अडला नाही. १९३३ मध्ये लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी माणसांतील इन्फ्लुएंझाचा विषाणू अलग केला. पुढच्या वर्षी अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस यांनी तो तेथील रोग्यांपासून मिळविला, आणि मग मिशिगन विद्यापीठात त्यांच्या हाताखाली मृत विषाणूच्या लशीवर काम सुरू झाले. त्यांच्या मदतनिसांत जोनास साल्क हा तरुण डॉक्टर होता, जो पुढे पोलिओच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झाला. लस झाली, पण ती उपयोगी पडते हे सिद्ध करावयाचे कोठे? येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराने पुन्हा विद्यापीठांत सैनिक-विद्यार्थी पाठविले होते, पुन्हा वसतिगृहांत खाटा ओळीने लागल्या होत्या, पुन्हा एकत्र भोजन आणि एकत्र कवायत होती. १९४३ च्या शरदात त्यांच्यापैकी सुमारे साडेबारा हजारांवर प्रयोग झाला. निम्म्यांना लस, निम्म्यांना लशीसारखे दिसणारे निरुपद्रवी द्रावण. नोव्हेंबर-डिसेंबरात खरोखरच साथ आली, आणि ज्यांना लस मिळाली नव्हती त्यांच्यापैकी शेकडा सातांच्या आसपास आजारी पडले, तर मिळाली होती त्यांच्यातील प्रमाण शेकडा दोनांच्या थोडे वर राहिले. १९१८ मध्ये ज्या बराकींनी विद्यापीठांत मरण आणले, त्याच प्रकारच्या बराकींतून पंचवीस वर्षांनी बचावाचा पहिला भक्कम पुरावा हाती आला. मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत समाधानाचा वाटतो, कारण येथे विद्यापीठाने आपले खरे काम केले: शंका घेतली, मोजले, तुलना केली आणि जे आढळले ते सर्वांपुढे ठेवले.

१९५७ ची आशियाई साथ मे महिन्यात जहाजातून मद्रासला उतरली आणि काही आठवड्यांत देशभर फिरली. तिच्यापूर्वी पाच वर्षे पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते, तेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. ५२ वर्षांनी त्याच पुण्यावर पाळी आली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी नव्या इन्फ्लुएंझाची जागतिक साथ जाहीर केली, आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला या साथीचा तो पहिला बळी. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत पुण्याने जे पाहिले ते प्लेगनंतर पाहिले नव्हते. डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेर घशाचा स्राव तपासून घेण्यासाठी रांगा लागल्या. औषधाच्या दुकानांतून मुखपट्ट्या नाहीशा झाल्या. दुचाकीवरील मुलींनी धुळीसाठी तोंडाला बांधलेले स्कार्फ एकाएकी वैद्यकीय ठरले, आणि कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या रुमालाला बांधून माणसे कचेरीत येऊ लागली. शाळा-महाविद्यालये आठवडाभर बंद झाली. १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा कपाटातून बाहेर आला. त्याच १८९७ सालच्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्राण गेले होते. पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव पुढे २०१४ मध्ये मिळाले, आणि साथीत सेवा करताना मृत्यू पावलेल्या स्त्रीचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याच्यावर या विषयाचा अधिकार आणि ऋण दोन्ही आहेत असे मला मनापासून वाटते.

बंद झाले ते वर्ग. कचेऱ्या बंद झाल्या नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. विद्यार्थी घरी राहिला तरी प्रवेशाचे अर्ज, पात्रता प्रमाणपत्रे, पगारपत्रके आणि वसतिगृहाची स्वयंपाकघरे चालू राहतातच, आणि त्यांच्याबरोबर तेथील माणसे. साबणाने हात धुवावेत, कारण विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडापुढे धरावे. ताप आलेल्याने घरी राहावे: हे नियम त्या वर्षी प्रत्येक फलकावर लागले होते आणि ते सारे बरोबर होते. यांतला शेवटचा नियम सर्वांत परिणामकारक, आणि पाळण्यास सर्वांत कठीण. कारण कर्मचाऱ्याच्या खात्यावर किरकोळ रजा वर्षाला मोजक्याच. त्या दिवाळीसाठी, लग्नकार्यासाठी, गावी म्हातारी आजारी पडली तर लागतील म्हणून राखून ठेवलेल्या. रोजंदारीवरील हमालाला आणि कंत्राटी सफाई कामगाराला त्याही नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला तर जितके तास घेतले तितक्यांचाच मोबदला. ताप आला म्हणून तास बुडाला तर पैसे बुडाले, आणि आठवडाभर महाविद्यालय बंद राहिले तर आठवड्याचे बुडाले. असा माणूस गोळी घेऊन, घाम पुसत वर्गात उभा राहतो, आणि समोर साठ मुले असतात. त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार, त्याच्या रजेची तरतूद न करणाऱ्याला पोचत नाही. गिरणीतल्या खाड्याचा जो प्रश्न १९१८ च्या मुंबईत अनुत्तरित राहिला, तोच हा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली उच्च शिक्षणसंस्थांना आणि इतर मालकांना जी सूचनापत्रे पाठविली, त्यांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. आजारी माणसाने तापाचे औषध न घेताही ताप उतरलेला राहिल्यावर निदान चोवीस तास घरीच राहावे, ही एक. आणि अशा आजारासाठी डॉक्टरांचा दाखला मागू नये, ही दुसरी. दुसरी सूचना आमच्या कार्यालयीन शिस्तीला वरकरणी मानवणारी नाही, पण तिच्यामागचे कारण साधे आहे. बहुतेकांचा इन्फ्लुएंझा अंथरुणात पडून, पाणी पिऊन, चार-सहा दिवसांत बरा होतो. धाप लागली, छातीत दुखू लागले, किंवा गरोदरपण, मधुमेह, दमा असे काही असले तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठला पाहिजे. ज्याला उपचाराची गरज नाही असा माणूस केवळ रजेच्या अर्जाला जोडण्याच्या कागदासाठी अंगात एकशेदोन ताप घेऊन रिक्षाने दवाखान्यात जातो, तेथील बाकावर दोन तास बसतो, आणि त्याच बाकावर एकीकडे एखादी गरोदर बाई व दुसरीकडे एखादा दमेकरी आपापल्या नंबराची वाट पाहत बसलेला असतो.